हळदीची बनियनं आणि पाठीवरचा हात

माझा पुतण्या पुण्याला नोकरीला लागला आणि पहिल्याच दिवाळीला मोबाइलमध्ये फोटो भरून गावाकडे आला. फोटोत त्याच्यासारखीच चष्मेवाली पोरं. सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवट ठिपक्यांचे कपडे, तोंडावर मुखवटे, हातात बंदुका. मी म्हणालो, "कॉम्प्युटरचं काम सांगून गेलास आणि सीमेवर पाठवलं का रे तुला?"

त्यानं मला समजावून सांगितलं. खेळ आहे, पेंटबॉल म्हणतात. बंदुकीत रंगाच्या गोळ्या असतात. गोळी अंगावर फुटली की डाग पडतो, डाग पडला की माणूस बाद. कपडे एकसारखे कशाला, तर झुडपांतल्या पळापळीत आपला कोण आणि परका कोण हे एका नजरेत कळावं. नाहीतर घाईत माणूस आपल्याच गड्यावर गोळी झाडतो. बंदुकाही एकाच प्रकारच्या, म्हणजे एकाच्या गोळ्या संपल्या तर दुसऱ्याच्या चालतात. खर्च कंपनीचा, आणि त्या बदल्यात छातीवर कंपनीचं नाव. "त्याला स्पॉन्सरशिप म्हणतात, काका."

मी त्याला पुरतं बोलू दिलं. समोरच्यानं आपला माल मांडल्याशिवाय आपण दुकान उघडू नये. मग म्हणालो, "हे सगळं आम्ही खेळलोय. एकसारखे कपडे, अंगावर दुकानदाराचं नाव, अंगावर पडणारे डाग. फक्त त्यातला एक डाग कोणी पाडला, ते मला अजून कळलेलं नाही."

पोरानं मोबाइल खिशात घातला. ज्या बाईची ही गोष्ट आहे ती आता नाही, म्हणून त्याला सांगितली आणि म्हणूनच इथंही सांगतो.

आमचं गाव वसमतच्या बाजूचं. तेव्हा जिल्हा परभणी होता, हिंगोली पुढं वेगळा झाला. गावात कबड्डीचा संघ होता आणि त्याचा कप्तान माझा मित्र होता. उंच, सावळा, हाताचे पंजे सुपासारखे. आमच्यातला कोणी चढाईला निघाला की तो मागून पाठीत एक थाप मारायचा आणि म्हणायचा, "जा, घेऊन ये." थाप अशी की दम धरायच्या आधीच अर्धा दम बाहेर पडावा. तरी ती बसल्याशिवाय आमचा पाय मधल्या रेषेकडे उचलत नसे.

हा गडी एकदा हळदीला पाणी द्यायला गेला आणि त्याला पान लागलं. आमच्याकडे साप चावला असं कोणी म्हणत नाही, पान लागलं म्हणतात. नाव घेतलं की तो ऐकतो. दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. त्याची सुपारी फुटली होती, उन्हाळ्यात हळद लागायची होती. वडील आधीच गेलेले. मागं एकटी आई राहिली. सगळा संघ तिला मावशी म्हणायचा.

आमच्या मैदानाच्या कडेला एक पिंपळ होता. बिनलग्नाचा तरणा पोर गेलेला आणि समोर पिंपळ उभा, गावाला आणखी काय लागतं? बघता बघता त्याचा मुंजा झाला. लग्नावाचून मेलेला पोर पिंपळावर वस्तीला जातो आणि खालून जाणाऱ्याला धरतो, अशी आमच्याकडची समजूत. कोणाला भर दुपारी झाडातून दम घुमल्याचा आवाज आला. कोणाच्या शेळीनं त्या वाटेला पाय टाकायचं सोडलं. एका म्हाताऱ्याकडे तर मुंजानं तंबाखू मागितला. माझा मित्र जिवंतपणी सुपारीचं खांडही तोंडात टाकत नव्हता. मेल्यावर त्याला व्यसन लागलं असेल तर मला माहीत नाही.

आणि आम्ही? आम्ही सगळे मांड्या थोपटणारे वाघ. आम्ही मैदानाकडे जायचं बंद केलं. दिवसासुद्धा.

मावशी वसमतला हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात हळकुंडं निवडायला जायची. एका संध्याकाळी ती परत येताना रस्त्यात एक बाई रडणाऱ्या लेकराला म्हणत होती, "उगी राह्य, न्हाईतर मुंजा येईल." मावशीनं ते ऐकलं आणि घरी न जाता सरळ पारावर आली. आम्ही बसलेलो होतोच.

"काहून रे, खेळ काहून बंद आहे?"

 शेवटी आमचा राखीव गडी बोलला. हा पोट सुटलेला, सदा तंबाखू मळणारा, संघात असून कधी मैदानात न उतरलेला. म्हणाला, "मावशी, गुडघा दुखून राहिला."

"सगळ्यांचा?"

 मावशी खाली बसली. म्हणाली, "माझं पोरगं तुमच्या खांद्याला खांदा लावून खेळलं. तुमीच त्याला भूत केलं तर मी कोणाकडं बघावं? उद्या तुमची लेकरं बी त्याच्या नावानं भितील. मला दुसरं काई नको. त्या मैदानावर पुन्हा खेळा."

तिला एवढंच हवं होतं. गेलेला पोरगा परत मिळणार नव्हता. त्याला निदान कोणी भूत म्हणू नये.

आम्ही मान हलवली. पण माघार घ्यायला कारण हातात होतंच. सेनगावकडच्या एका गावात सामने होते आणि तिथल्या मंडळींनी कळवलं होतं की सारखा पोशाख नसलेल्या संघाला उतरू देणार नाही. याला कारण आम्हीच होतो. आदल्या वर्षी आमचा एक जण शाळेच्या शर्टात, एक भावाच्या लग्नातल्या सदऱ्यात, दोघे उघडेच. समोरचा गडी चढाईला आला, धुरळा उडाला आणि आमच्या दोघांनी एका पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाला अशी काही पकड घातली की सगळं मैदान वाहवा म्हणालं. धुरळा बसला तेव्हा दिसलं की त्यांनी आमच्याच तिसऱ्याला दाबून धरलं होतं आणि चढाईवाला आपल्या बाजूला जाऊन पाणी पीत होता. पंच म्हणाले, "ढिगाऱ्यातला पाय कोणाचा आणि हात कोणाचा, ते मी हुंगून ओळखू का?"

तर आम्ही मावशीला म्हणालो, "खेळलो असतो, पण कपडे न्हाईत."

दुसऱ्या दिवशी तिनं आम्हाला वसमतला शेठसमोर नेऊन उभं केलं.

शेठ गादीवर रेलून हळकुंडं मोडून बघत होता. आमची ओळ बघून म्हणाला, "काय गं बाई, समद्यांचं लगीन आहे का?"

"कबड्डीचे कपडे पाहिजेत, शेठ. तुमचं नाव लिहा त्याच्यावर."

"जिंकले तर ठीक. हरले तर माझं नाव धुळीत."

"हरले तर पळत येतील. पळणाऱ्याची पाठच दिसती," मावशी म्हणाली. "नाव पाठीवर लिहा."

शेठ इतका हसला की हातातलं हळकुंड निसटलं. मग त्यानं व्यवहार मांडला, आणि पुतण्याच्या कंपनीचा याहून वेगळा नसेल. तो देणार पांढरी बनियनं, मेव्हण्याच्या दुकानात पडून असलेली. रंगवायला देणार हळद, विकायच्या लायकीची नसलेली. आम्ही त्याचं नाव पाठीवर मिरवायचं. बाजाराच्या दिवशी तीच बनियनं घालून मोंढ्यातून फिरायचं. त्या बनियनात कोणी दारू पिऊन सापडला तर सगळ्यांचे कपडे परत. "हळदीच्या दुकानाची जाहिरात हळदीनंच," तो म्हणाला आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश झाला. खाली शाळेच्या खाकी चड्ड्या सगळ्यांकडे होत्याच.

बनियनं मावशीनं तिच्या अंगणात रंगवली. मोठ्या पातेल्यात हळद आणि तुरटी उकळायची, काठीनं कापड खालीवर करायचं, पिळून सावलीत टाकायचं. गरम हळदीचा वास गल्लीभर पसरला आणि शेजारणी दारात येऊन गेल्या. त्या अंगणात हळदीचा वास कशासाठी यायचा होता, ते सगळ्यांना माहीत होतं. मावशी कोणाकडे न बघता काठी फिरवत राहिली. बनियनं वाळल्यावर आम्हाला म्हणाली, "हळदीला उनात टाकू नका, उडून जाईल. आन साबण लावू नका, लाल होईल."

साबण लावायचा नाही, हे आम्ही इतकं मनावर घेतलं की सामने संपेपर्यंत अंगालाही लावला नाही. पण हळदीला लाल करणारी दुसरी चीज कबड्डीच्या मैदानावर सगळीकडे पसरलेली असते, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. ज्यांच्या घराघरात हळद शिजते त्या आम्हा पोरांना हे सुचू नये, म्हणजे कमालच.

सामन्याला मावशी आमच्याबरोबर जीपमध्ये बसून आली, मांडीवर बनियनांचं गाठोडं. आम्ही ती घालून मैदानाशी आलो तर माणसं जागीच हसायला लागली. सातच्या सात पिवळेधमक, आठवा राखीव गडी मागे पिवळा गोळा. एकजण ओरडला, "हळद लागली, आता नवरी कुठंय?" दुसरा म्हणाला, "मांडव पलीकडं हाय पाव्हणं, इथं कबड्डी हाय."

मी मावशीकडे पाहिलं. ती पाण्याच्या घागरीशी बसली होती. पदर सारखा केला आणि मैदानाकडे बघत राहिली.

शिट्टीच्या आधी आम्ही सातही जण ओळीनं रेषेशी वाकलो आणि माती कपाळाला लावली. आमच्या पाठीमागे एक मोकळा पट्टा होता, आमच्या चपला आणि एक पोतं पडलेलं. गर्दी समोर आणि दोन्ही बाजूंना. तेवढ्यात माझ्या पाठीत थाप बसली.

तीच थाप. नेमक्या त्याच जागी, दोन खवाट्यांच्या मध्ये, अर्धा दम बाहेर काढणारी. शेजारच्याच्या पाठीत बसलेल्या थापेचा आवाजही मी ऐकला, मग त्याच्या शेजारच्याच्या. मी मागे वळून पाहिलं नाही. सातांपैकी कोणीच पाहिलं नाही. सगळे तसेच उठलो आणि एकमेकांच्या डोळ्याला डोळा न देता आत गेलो.

खेळ सुरू झाला आणि गंमतही सुरू झाली. रेषा चुन्याच्या फक्कीच्या होत्या. लोळलं, रांगलं की हाताला चुना, आणि चुन्याचा हात घामेजल्या बनियनावर पडला की तिथं लाल डाग. समोरच्या बचावातला एक गडी शपथेवर म्हणाला की त्याला माझा स्पर्श झालाच नाही. मग पंचांनी माझ्या बाहीवर उमटलेली त्याची चार बोटं त्याला दाखवली. "हे काय, तुझ्या आजीची का?" लोकांना हा प्रकार फार आवडला. प्रत्येक पकडीनंतर ते आमच्या अंगावरचे डाग वाचायला लागले.

पूर्वार्ध संपला. पाणी प्यायला आम्ही पाठ फिरवली आणि मागचा गलका एकदम थांबला.

सगळ्यांच्या पाठीवर, शेठच्या नावाखाली, एक पंजा उमटला होता. पुसट नव्हे, ओढलेला नव्हे, झटापटीतला तर नव्हेच. नीट ठेवल्यासारखा, पाचही बोटं फाकलेली. सातही पाठींवर एकच पंजा, एकाच जागी.

समोरच्या संघाचा कप्तान मला हळूच म्हणाला, "आमी तुमच्या पाठीला हात न्हाई लावला. कोण आहे हा?" आमच्यातल्या एकानं घाईघाईनं बनियन काढायला घेतलं आणि ते डोक्यातच अडकलं. आमच्या गावाकडून आलेल्या माणसांत शब्द फिरला, आधी कुजबुज आणि मग मोठ्यानं: मुंजा. मुंजा इथवर आला. तेवढ्याच शब्दांत मावशीचं सगळं केलेलं पाण्यात गेलं.

मावशी उठली. बाईमाणूस मैदानात आलं म्हणून पंच काहीतरी म्हणणार होते, पण तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्या पाठीवरचा पंजा बोटानं चोळला, बोट डोळ्यासमोर धरलं. मग वळून म्हणाली, "तंबाखू कोण खातं रे तुमच्यात?"

राखीव गड्यानं हात मागे लपवला. तिनं तो ओढून पुढे घेतला, नाकाशी नेला आणि सगळ्यांना दिसेल असा माझ्या पाठीवर ठेवला. बोटं बोटांवर बसली.

"हा घ्या तुमचा मुंजा," ती म्हणाली. "तंबाखूला चुना मळून पाठी थोपटून राहिला. हळदीला चुना लागला तर कुंकू होतं, हे तुमच्या घरी कोणी सांगितलं न्हाई?"

राखीव गडी रडवेला झाला होता. "तो मारायचा ना थाप, मावशी. कोणीतरी मारायला पाहिजे."

कोणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळं मैदान हसलं. इतकं, की पंचांनी शिट्टी वाजवली तरी ऐकू येईना. मावशी मात्र तिथंच उभी होती. हसू ओसरल्यावर, फार मोठ्यानं नाही, म्हणाली, "माझं पोरगं गेलं. गेलेला माणूस कोणाला हात लावत न्हाई. आता खेळा."

आम्ही खेळलो आणि हरलो. पाठी दाखवत परत आलो, त्यामुळे शेठचं नाव सगळ्यांनी नीट वाचलं. पण गावात आम्ही पोचायच्या आधी ही गोष्ट पोचली. पिंपळावरचा मुंजा एका दिवसात खाली उतरला आणि तंबाखू मळायला लागला. लेकरं राखीव गड्याच्याच मागे धावून "मुंजा आला" म्हणायला लागली आणि तो त्यांना काठी दाखवायचा. आठवड्याच्या आत पिंपळाखाली पुन्हा दम घुमू लागले.

इथं थांबलो असतो तर ही नुसती हसायची गोष्ट झाली असती. पुतण्यालाही वाटलं की संपली. तो म्हणाला, "म्हणजे डाग कोणाचा ते कळलं की."

सात डागांचं कळलं.

सामना संपल्यावर मैदानामागच्या हापशावर मावशी बनियनं गोळा करत होती, घरी रिठ्याच्या पाण्यात धुवायला. एकेक घडी करून मी धरलेल्या गाठोड्यात ठेवत होती. शेवटी राखीव गड्यानं आपलं काढून दिलं. तो मैदानात उतरलाच नव्हता, त्यामुळे त्याचं बनियन कोरं होतं, पुढून. मावशीनं उलटं केलं आणि तिचा हात थांबला.

पाठीवर पंजा होता. दोन खवाट्यांच्या मध्ये, पाच बोटं फाकलेली.

"तुला कोणी थाप मारली?"

तो उघड्या अंगानं उभा होता. आधी माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "मला आधी बसली, मावशी. तुमी सगळे वाकले होते, मी मागं उभा होतो. पाठीत बसली. मला वाटलं, कोणीतरी त्याच्यासारखं चालू केलंय. म्हणून मी बी पुढच्यांना मारत गेलो."

"तुझ्या मागं कोण होतं?"

"कोणी न्हाई. चपला होत्या."

स्वतःच्या पाठीत स्वतःला अशी थाप मारता येत नाही. ज्याला शंका असेल त्यानं करून बघावी. मावशीनं बनियन हापशाच्या कठड्यावर पसरलं आणि त्याचा हात धरून त्या खुणेवर ठेवला. त्याचा पंजा आत मावला. चारी बाजूंनी लाल उरलं.

तिनं त्या उरलेल्या लालवरून बोट फिरवलं. मला वाटलं, आता रडेल. मला वाटलं, आता गर्दीत जाऊन ओरडेल. थोड्या वेळापूर्वी सगळ्यांसमोर काय बोलली होती, ते तिलाही आठवत असणार आणि आम्हालाही आठवत होतं. तिनं ते बनियन घडी केलं, पंजा आतल्या बाजूला येईल असं, आणि गाठोड्यात न घालता पदराखाली घेतलं.

"हे माझ्याकडं राहू दे," म्हणाली. "ह्याला दुसरं आणून देऊ."

राखीव गडी पुढची कित्येक वर्षं मला म्हणायचा की ती थाप मीच मारली होती, कारण असल्या वात्रटपणात गावात माझा हात धरणारा कोणी नव्हता. खरं आहे. पण मी वाकलेलो होतो, कपाळाला माती लावत. बाकी सहांना मी वेळोवेळी विचारून पाहिलं. प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव सांगितलं.

हिंगोली जिल्हा होऊन बरीच वर्षं झाली होती. मी नांदेडला राहायला गेलो होतो आणि सणासुदीला गावी यायचो. एकदा मावशीकडे गेलो तर अंगणात वर्षाचं ऊन दाखवणं चाललं होतं. पेटी रिकामी करून गोधड्या, लुगडी, मुलाचे दोन सदरे, सगळं दोरीवर. मैदानाकडून पोरांचा ओरडा ऐकू येत होता. पिंपळाखालीच खेळत होती. मी दोरीवरचं सगळं नीट बघितलं. पिवळं काही नव्हतं.

"मावशी, ते बनियन?"

"पेटीत आहे."

"एवढ्या वर्षांत रंग उडाला असंल त्याचा."

ती एका गोधडीची सुरकुती हातानं सपाट करत होती.

"उनात टाकलं तर उडतो," मावशी म्हणाली.